तीनला या, दहाला निघा

र्योकान म्हणजे जपानातली पारंपरिक सराई; तिथे खोली मागितली की आधी तुम्हालाच प्रश्न येतात. किती वाजता पोचणार? जेवायला सहाला बसणार की साडेसहाला? मासे चालतात का? खेकडा, कोळंबी, दाणे, काही बाधतं का? सोबत लहान मूल असेल तर त्याला वेगळं अंथरूण हवं की आईजवळ निजेल? खोल्या किती, हा प्रश्न सगळ्यात शेवटी, कारण भाडं खोलीचं नसतंच. ते माणशी असतं, आणि त्यात रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी आणि गरम पाण्याची आंघोळ धरलेली असते. दुपारी तीनला दार उघडतं, सकाळी दहाला निरोप. मधले एकोणीस तास तुम्ही त्या घराच्या वेळापत्रकात बसायचं.

संपादकांनी यंदा 'मुक्काम' हा विषय दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर धर्मशाळा आणि गडावरची वस्ती असावी. मी जपानचं नाव काढल्यावर फोनवर थोडी कुरकुर झाली, "हॉटेलावर कशाला लेख?" म्हणून. पण हॉटेल किल्ली हातात देतं आणि बाजूला होतं. र्योकान शेवटपर्यंत बाजूला होत नाही. तिथे पाहुण्याचं जितकं कौतुक, तितकीच त्याच्याकडून अपेक्षाही. हा सौदा चालतो कसा आणि कुणाच्या हातांवर चालतो, हे मला बघायचं होतं. मार्चच्या सुरुवातीला किनोसाकी या गरम झऱ्यांच्या गावी गेले. ओसाकाला नोकरीनिमित्त राहणारी मावसबहीण दुभाषी म्हणून सोबत होती.

स्टेशन हे दार, रस्ता ही पडवी

ओसाकाहून 'कोउनोतोरी' नावाची गाडी उत्तरेला निघते आणि पावणेतीन तासांच्या आसपास डोंगररांगा ओलांडून जपानी समुद्राच्या किनाऱ्याजवळ आणून सोडते. ह्योगो प्रांतातल्या तोयोओका शहराच्या हद्दीतलं हे गाव. मधून ओतानी नदी वाहते, पण नदी म्हणावी की ओढा असा प्रश्न पडावा इतकी अरुंद. दोन्ही काठांना विलोची झाडं, कमानीचे दगडी पूल, आणि सत्तरच्या आसपास र्योकान, बहुतेक छोटी, एकेका कुटुंबाची.

गावकरी सांगतात की हे सगळं गाव मिळून एकच र्योकान आहे. स्टेशन हे त्याचं दार, रस्ते ही पडवी, एकेक र्योकान ही खोली आणि गावातली सात सार्वजनिक स्नानगृहं ही न्हाणी. पर्यटन खात्याच्या घोषणा असतात तशीच ही एक, असं मला आधी वाटलं. पण संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर उभं राहिलं की पटतं. माणसं चक्क घरच्या कपड्यांत हिंडत असतात. अंगात सुती युकाता, थंडी म्हणून वरून जाडसर अंगरखा, पायात गेता म्हणजे लाकडी खडावा, हातात पंचा आणि साबणाची टोपली. प्रत्येक र्योकानच्या युकाताची नक्षी वेगळी, गेतांवर आणि छत्र्यांवर त्या घराचं नाव. दुकानदार नक्षीवरून ओळखतो की हे गिऱ्हाईक कुणाकडे उतरलंय.

युकाता नेसताना डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर घेतात ती प्रेताला. आमच्या पुढ्यात एक तरुण युरोपीय जोडपं झोकात उलटं नेसून जिना उतरलं. काउंटरवरच्या बाई झटकन पुढे आल्या, हसत हसत दोघांचेही पदर सारखे करून गेल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

खोलीत पलंगच नाही

आम्ही उतरलो ते र्योकान दोन मजली, लाकडी, डझनभर खोल्यांचं. नाव देत नाही. मालकिणीने मोकळेपणी बोलायला तेवढीच अट घातली होती. मालकिणीला तिथे ओकामी म्हणतात. हिशोब, नोकरमाणसं, फुलं, पाहुण्यांचं स्वागत, सगळं तिच्याकडे. घर बहुधा नवऱ्याच्या वाडवडिलांचं असतं, पण लोक ओळखतात ते ओकामीला.

दारात बूट काढायचे. आत लाकडी फरशीवर सपाता, तातामीच्या चटयांवर त्याही नाहीत, आणि संडासाच्या सपाता आणखी वेगळ्या. बॅगेची चाकं तातामीवरून ओढायची नाहीत. ती वीण इगुसा नावाच्या लव्हाळ्याची असते, चाकाखाली तुटते. खोलीचं मापही चटयांतच सांगतात. आमची खोली आठ चटयांची होती, आणि एक चटई साधारण सहा फूट बाय तीन. मधोमध बुटकं टेबल, बिनपायाच्या खुर्च्या, भिंतीतल्या कोनाड्यात एक उभं चित्र आणि एका भांड्यात एकच फुललेली फांदी. बस, एवढंच. झोपायचं कशावर, हे कुठे दिसतच नाही.

चहा घेऊन आलेल्या बाई पन्नाशीच्या पुढच्या होत्या. खोल्यांचं बघणाऱ्या बायकांना नाकाई म्हणतात. त्यांची दार उघडण्याची रीत बघत राहावी अशी. बाहेर गुडघ्यांवर बसायचं, खाचेत बोटं घालून दार हातभर सरकवायचं, मग हात खाली चौकटीशी नेऊन उरलेलं ढकलायचं, आत येऊन पुन्हा गुडघ्यांवर बसून तसंच लावायचं. हे दोन्ही वेळा, ट्रे जमिनीवर ठेवून. एका जेवणात त्या किती वेळा उठल्या-बसल्या असतील, या विचाराने माझेच गुडघे दुखले.

चहाबरोबर एक गोड वडी होती. रिकाम्या पोटी कढत पाण्यात उतरलं की घेरी येते, म्हणून आधी थोडी साखर पोटात जावी, असं नाकाईबाईंनी सांगितलं. त्याच वडीचे खोके खाली काउंटरजवळ विकायला मांडलेले असतात, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. दुपारी जी खोली बैठक असते, तीच संध्याकाळी जेवणघर होते. जेवणानंतर तुम्ही पाय मोकळे करायला बाहेर पडलात की टेबल भिंतीशी सरकतं, कपाटातून गाद्या निघतात, पलंगपोस ताणले जातात, उशाशी पाण्याचा तांब्या आणि मंद दिवा येतो. तुम्ही परतता तेव्हा ती निजायची खोली झालेली असते. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात की गाद्या गायब. एका खोलीत तीन खोल्या बसवायच्या तर पाहुणा केव्हा आत आणि केव्हा बाहेर, हे घराला ठाऊक असावं लागतं. जेवायची वेळ आधी विचारतात ती त्यासाठी. तुम्हाला यायला उशीर झाला तर तुमचं सूप गार होतं, शिवाय शेजारच्या खोलीचं अंथरूणही रखडतं. र्योकानचं आतिथ्य ज्याला म्हणतात त्यातला निम्मा भाग मला तरी हे वेळेचं गणितच वाटलं, आणि त्यात काही कमीपणाही वाटला नाही.

पाण्यात उतरण्याआधी

कपडे सगळे काढायचे. पोहण्याचा पोशाख चालत नाही. पुरुषांचा आणि बायकांचा भाग वेगळा, दारावरच्या पडद्यावरून कळतो. आत भिंतीशी ओळीने बुटकी स्टुलं, पुढे नळ, बादली, साबण. तिथे बसून अंग खसखसून धुवायचं, साबणाचा थेंब राहता कामा नये, आणि मग हौदात उतरायचं. हौद अंग स्वच्छ करायला नसतोच, तो नुसता बसायला असतो. हातातला छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. बायका त्याची घडी डोक्यावर ठेवतात. केस लांब असतील तर वर बांधायचे.

लाजेचं काय, हेच परत आल्यावर मैत्रिणींनी पहिलं विचारलं. लाज पहिली दोन-तीन मिनिटं असते. नंतर ध्यानात येतं की कुणीही कुणाकडे बघत नाहीये. सत्तरीच्या आज्या, बाळाला कडेवर घेतलेली आई, परीक्षेबद्दल बोलणाऱ्या कॉलेजच्या मुली, सगळ्यांची नजर वाफेत कुठेतरी लागलेली. अंगावर गोंदण असलेल्यांना जपानात पुष्कळ ठिकाणी आत घेत नाहीत. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत घेतात.

पाणी खारट लागतं. क्षारांचा पातळ थर कातडीवर राहतो आणि ऊब धरून ठेवतो, म्हणून बाहेर थंड पावसात आलं तरी अर्धा तास हुडहुडी भरत नाही. जपानात कुठल्याही गरम पाण्याला ओनसेन, म्हणजे गरम झरा, म्हणता येत नाही. 1948 चा कायदा सांगतो की जमिनीतून येतानाच पाणी किमान 25 अंश सेल्सियस असावं किंवा त्यात ठरावीक द्रव्यांपैकी एखादं पुरेशा प्रमाणात असावं. पाण्याच्या पृथक्करणाचा तक्ता कपडे बदलायच्या खोलीत लावलेला असतो. बिलात माणशी 150 येनच्या आसपास स्नानाचा करही दिसतो.

सात स्नानगृहांच्या आठवड्याच्या सुट्या वेगवेगळ्या, त्यामुळे सगळी एका दिवसात उरकू म्हणणाऱ्यांचा बेत हमखास फसतो. 'इचिनोयू'ला गुहेसारखा हौद आहे. एदो काळातल्या कागावा शुतोकू नावाच्या वैद्याने इथल्या पाण्याला देशात सर्वोत्तम ठरवलं, त्यावरून 'इचि', म्हणजे पहिलं, हे नाव. 'मांदारायू' मात्र आडबाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. दोची शोनिन नावाच्या भिक्षूने हजार दिवस प्रार्थना केली आणि 720 साली पाणी उसळलं, ते या बाजूला, अशी कथा. आपण पाहुणे म्हणून जिथे उतरलो तिथला पास दाखवला की यांत कुठेही पैसे पडत नाहीत. उघडताच आत शिरणाऱ्या पहिल्या पुरुषाला आणि पहिल्या बाईला आठवण म्हणून एक फळी मिळते. तिच्यासाठी लोक सकाळी सातच्या आधी युकातात कुडकुडत रांग लावतात. मी लावली नाही.

तेवीस वर्षांचं भांडण

र्योकान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घरातच प्रशस्त गरम कुंड येतं. किनोसाकीत घराघरातल्या न्हाण्या मात्र मुद्दाम लहान आहेत. याच्यामागे एक खटला आहे.

शिगा नाओया हा लेखक 1913 साली तोक्योत यामानोते मार्गावरच्या रेल्वेगाडीची धडक बसून जखमी झाला आणि हवापालटासाठी इथे येऊन राहिला. त्यावरून त्याने 1917 मध्ये लिहिलेली 'किनोसाकी येथे' ही कथा जपानी शाळकरी मुलांनाही माहीत असते. तो उतरला होता मिकिया या र्योकानमध्ये. पुढे 1925 च्या भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगीत जवळजवळ सगळं गाव गेलं. ते पुन्हा उभं राहत होतं तेव्हा, 1927 मध्ये, मिकियाने स्वतःच्या जागेत गरम पाणी काढून घरातच न्हाणी सुरू केली. गाव खवळलं. पाणी सगळ्यांचं, ते बाहेरच्या सामायिक स्नानगृहांतच घ्यायचं, हा तिथला शेकडो वर्षांचा रिवाज. गाव कोर्टात गेलं.

मिकियाचं म्हणणं मला अगदीच गैर वाटत नाही. जमीन माझी, तर तिच्याखालचं पाणी कुणाचं, असं कुणीही विचारील. पण गावाची भीतीही खोटी नव्हती. एकाने खोल भोक पाडलं तर शेजाऱ्याचा झरा आटतो. आणि पाहुण्याला घरातच न्हायला मिळालं तर तो बाहेर पडणार कशाला? मग रस्त्यावरच्या चहावाल्याचं, खेळण्यांच्या दुकानाचं काय? खटला 1950 पर्यंत चालला आणि तडजोडीने मिटला. गरम पाण्यावर हक्क गावाच्या सामायिक संस्थेचा. घरात न्हाणी करायला मुभा, पण तिचा आकार त्या र्योकानच्या आकारमानानुसार मर्यादित. पुढे 1972 पासून सगळ्या झऱ्यांचं पाणी एकत्र करून नळांनी घरोघर पोचवायची व्यवस्था झाली.

या तडजोडीची फळं रस्त्यावर दिसतात. रात्री नऊ वाजताही आईस्क्रीम खाणारे, जुन्या पद्धतीच्या नेमबाजीच्या दुकानात बुचाच्या बंदुका चालवणारे, खेकड्याच्या सारणाचे वाफाळते पाव घेऊन पुलावर टेकलेले लोक. जपानातल्या इतर पुष्कळ गरम पाण्याच्या गावांत मोठ्या र्योकानांनी दुकान, बार, गाण्याची खोली, सगळं आपल्याच इमारतीत घेतलं. तिथला रस्ता संध्याकाळी ओस पडला. इथे प्रत्येकाने आपलं न्हाणीघर थोडं लहान ठेवलं म्हणून गाव चाललंय.

भात शेवटी

जेवण सहाला, खोलीतच. तळहाताएवढ्या बशांत चार-पाच घासांचे प्रकार, मग गाळीव सूप, कच्चे मासे, भाजलेलं काही, शिजवलेलं काही, आंबट काही. एवढं झाल्यावर, पोटात जागा उरलेली नसताना, भात, मिसो सूप आणि लोणचं. किनोसाकीजवळच्या त्सुइयामा बंदरात उतरणारा मात्सुबा खेकडा, त्याच्या नांगीला बिल्ला अडकवलेला, हा इथला हिवाळ्यातला राजा. त्याचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या विशीपर्यंत, आणि त्या महिन्यांत माणशी दर कुठल्या कुठे जातात. एरवी दोन जेवणांसह माणशी 15 ते 40 हजार येन धरावेत. एकट्या माणसाला पुष्कळ ठिकाणी खोली नाकारतात किंवा महाग देतात, कारण श्रम तेवढेच आणि हिशोब माणशी.

प्रत्येकापुढे एक छोटी शेगडी होती, तिच्यात साबणाच्या वडीसारखं निळसर घट्ट इंधन. नाकाईबाईंनी लांब दांडीच्या लायटरने ते पेटवलं आणि सांगितलं, विझेल तेव्हा झाकण काढा. बघत राहिले. ज्योत खाली खाली जात विझली. झाकण काढलं तर मांसाचे काप आणि कांद्याची पात नेमकी शिजलेली. वडीचं वजन पदार्थाच्या हिशोबाने निवडलेलं असतं. बारा खोल्यांत चुलीपाशी बारा माणसं बसवता येत नाहीत, म्हणून वेळ त्या वडीत घालून ठेवलेला.

बहीण शाकाहारी. एप्रिलमध्ये चेरीच्या फुलांसाठी पुण्या-मुंबईहून येणाऱ्या सहलींना ही अडचण दरवर्षी येते. मांस-मासे टाळणं त्या मानाने सोपं, दाशी टाळणं कठीण. सुकवलेल्या बोनिटो माशाचे कीस आणि कोम्बू हे समुद्री शेवाळ यांचा अर्क म्हणजे दाशी, आणि तो सूपात, शिजवलेल्या भाजीत, आमटीसारख्या दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीत असतो. 'मी शाकाहारी' एवढंच सांगितलं तर भाजी येते, दाशीतली. नीट सांगायचं ते असं: माशाचा अर्कही नको, कोम्बू आणि सुक्या मशरूमचा चालेल. आणि हे निदान आठवडाभर आधी कळवायचं, दारात उभं राहून नाही. आमच्या ओकामीने ते मनावर घेतलं होतं. काही घरं सरळ नाही म्हणतात, त्यांचा मला राग येत नाही. ज्यांना खात्रीच हवी त्यांनी वाकायामा प्रांतातल्या कोयासानला जावं. तिथल्या पन्नासेक मठांत पाहुण्यांची सोय आहे आणि जेवणात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही.

सकाळच्या भाताचा तांदूळ करकोच्यांच्या नावाने विकला जातो. किनोसाकीतली दुसरी आख्यायिका करकोच्याची आहे. जखमी पाय या पाण्यात बुडवून तो बरा झाला, तेव्हा लोकांना झरा सापडला म्हणतात. कीटकनाशकांनी आणि शेतीतल्या बदलांनी हा पक्षी संपत गेला. जपानच्या रानातला शेवटचा करकोचा 1971 मध्ये याच तोयोओकात गेला. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी 2005 पासून पुन्हा सोडले, आणि त्यांना शेतात बेडूक-मासे मिळावेत म्हणून फवारणी घटवून भात पिकवायला शेतकऱ्यांना तयार केलं. न्याहारीला भाजलेला मासा, अंडं, लोणचं आणि तो भात.

दहा ते तीन

दहाला पाहुणे गेले की गाव एकदम रिकामं होतं. नाकाई सकाळी न्याहारीला हजर असतात, खोल्या आवरून दुपारी सुटतात आणि तीनच्या सुमारास पुन्हा येतात, ते रात्री अंथरुणं घालेपर्यंत. दिवस असा मधून कापलेला. घर लांब असेल तर त्या मधल्या वेळात करायचं काय? तरुण मुली या कामाला येत नाहीत, त्याचं एक कारण ओकामीने हेच सांगितलं.

एदो काळात राजरस्त्यांवर दोन तऱ्हेच्या सराया असत. स्वस्त ठिकाणी पाहुण्याने तांदूळ आपला आणायचा आणि पैसे द्यायचे ते फक्त लाकडांचे. जरा बऱ्या ठिकाणी दोन वेळचं जेवण घरचं. ती दुसरी रीत र्योकानने उचलली आणि सोडलीच नाही. ती टिकली स्वस्त हातांवर. 1980 च्या सुमारास देशात 80 हजारांहून जास्त र्योकान होती. 2018 पर्यंत ती 40 हजारांच्या आत आली. त्या वर्षी कायदाही बदलला, आणि र्योकान व हॉटेल हा सरकारी भेदच संपला. तेजीच्या काळात कंपन्यांच्या सहली बसगाड्या भरून यायच्या, त्यांच्यासाठी मालकांनी कर्ज काढून आठ-दहा मजली इमारती चढवल्या. सहली आटल्या, कर्ज राहिलं. तोचिगी प्रांतातल्या किनुगावाच्या नदीकाठी अशी काँक्रीटची रिकामी र्योकान अजून उभी आहेत. तिथल्या अनेकांना कर्ज देणारी आशिकागा बँक 2003 मध्ये सरकारने ताब्यात घेतली.

ज्यांनी डोकं चालवलं त्यांनी नाकाईचे पाय वाचवले. वाकुराच्या 'कागाया' या र्योकानने ताटं मजल्यांवर पोचवायला यंत्र बसवलं आणि नाकाईंच्या मुलांसाठी पाळणाघर काढलं. पाहुण्याजवळ बसायला माणूस मोकळा राहावा, हा हिशोब. व्यवसायातल्या लोकांच्या पसंतीक्रमात ते सलग 36 वर्षं पहिलं होतं. 1 जानेवारी 2024 च्या नोतो भूकंपात त्याचं फार नुकसान झालं आणि दारं बंद झाली. कानागावातल्या 'जिन्या' या र्योकानमध्ये होंडात इंजिनियर असलेला घरचा मुलगा 2009 मध्ये बायकोसह परतला, सगळा कारभार स्वतः बनवलेल्या संगणकप्रणालीवर आणला, आणि मंगळवार-बुधवार घर बंद ठेवू लागला. नोकरांना सुट्या मिळाल्या, आणि ती प्रणाली इतर र्योकानांना विकायचा धंदाही उभा राहिला.

आमच्या ओकामीकडे रात्रीच्या चार नाकाई होत्या, त्यांतली एक व्हिएतनामची. 2019 पासून परदेशी कामगारांना निवासव्यवसायात येण्यासाठी वेगळा व्हिसा मिळतो. आता दोन रात्री राहणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी बाहेर जेवायला सुचवते, असं ओकामी म्हणाली. गावात ते शोभतं, बाहेर दुकानं आहेत. पाहुण्यांनाही ओळीने दोन रात्री दहा-दहा पदार्थ झेपत नाहीत.

"अंथरूण पाहुण्यांनीच घालावं, असं पुष्कळ जण सांगायला लागलेत," मी म्हटलं.

"मला अजून तोंड होत नाही सांगायला," ती म्हणाली. "पण चार खोल्यांसाठी पलंग मागवलेत. बुटके. वयस्कर पाहुण्यांना जमिनीवरून उठवत नाही, त्यांचीही मागणी होती."

पलंग आला की ती खोली दुपारीही निजायचीच खोली. जेवण मग खाली, टेबलखुर्च्या मांडून. दोन नाकाई कमी लागतील. तशाही मिळत नाहीतच, असं म्हणत तिने बिल पुढे केलं. दहाला पाच मिनिटं कमी होती, आणि जिन्यावर गाद्यांच्या खोळी उतरवायला सुरुवात झाली होती.